पोरगं चुकलं की शिकवणारा चुकला? पृथ्वी शॉ, अ‍ॅडलेड आणि फुलचूरचं एक गॅरेज



या विषयावरचा व्हिडिओ बारा मिनिटांचा झाला आणि त्यात अर्धंच बसलं. उरलेलं इथं लिहितो. चहा ठेवा गॅसवर, थोडं लांब आहे.

गोंदियातून आमगाव रोडनं बाहेर निघालं की फुलचूर लागतं. तिथं माझ्या ओळखीच्या एका भाऊंचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. नाव सांगत नाही, कारण गोष्ट त्यांच्या घरची आहे. दीड वर्षापूर्वी त्यांनी आयटीआय झालेला एकोणीस वर्षांचा पोरगा हाताखाली घेतला. पहिले सहा महिने भाऊ मला फोन करून करून सांगायचे, "सर, हिरा सापडला. कार्ब्युरेटर डोळे मिटून खोलते अन् लावते." पोराचे हात खरंच चांगले होते, मी स्वतः पाहिलेत. मग भाऊंनी काय केलं? आधी दुपारी जेवायला घरी जायला लागले. मग सकाळी उशिरा यायला लागले. मग शेजारी वॉशिंग सेंटर टाकलं आणि गॅरेज पूर्ण पोरावर सोडून दिलं. गिऱ्हाईक त्यानं घ्यायचं, काम त्यानं करायचं, पैसे त्यानं मोजायचे आणि शिव्याही त्यानंच खायच्या.

दिवाळीनंतर गाड्या परत यायला लागल्या. आज सर्व्हिसिंग करून नेलेली गाडी चौथ्या दिवशी दारात. गिऱ्हाईक पोराशी बोलत नाही, सरळ मालकाला फोन लावतो. एक दिवस भाऊंचा मला फोन आला: "सर, पोरगं बिघडलं. दिवसभर मोबाईलमधी डोस्कं असते. गाड्या वापस येऊन राहिल्या. या महिन्यात काढून टाकतो, तुमच्याकडं कोणी नवीन असंल तर पाहा."

मी विचारलं, "भाऊ, नवीन पण दीड वर्षानं असाच बिघडला तर?"

ते गप्प.

आता बघा, तुमच्यापैकी कितीतरी जण धंदा सुरू करायच्या तयारीत आहेत. कुणाला पोह्याचा ठेला टाकायचा आहे, कुणाला मोबाईल रिपेअरिंग, कुणाला राईस मिलला लागणाऱ्या बारदान्याचा व्यापार. पहिला माणूस हाताखाली ठेवला की वर्षभरात हा प्रश्न तुमच्या दारात येणारच. त्यावर तुमचे पैसेही जातात आणि एका पोराचं आयुष्यही वळतं, म्हणून तो नीट सोडवायला शिका. आणि तो नीट समजायला महाराष्ट्रातल्या एका पोराचं उदाहरण घेऊ. ते सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धवट माहीत आहे.

विरारचा पोरगा

पृथ्वी शॉ. विरारहून लोकलनं बांद्र्याला प्रॅक्टिसला जाणारा मुलगा. चार वर्षांचा असताना आई गेली, वडिलांनी वाढवला. नोव्हेंबर २०१३ मध्ये, नुकतीच चौदा वर्षं पूर्ण झालेली असताना, हॅरिस शील्डमध्ये रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून त्यानं ३३० चेंडूंत ५४६ धावा काढल्या. २०१८ च्या सुरुवातीला त्याच्या कॅप्टनशिपमध्ये भारतानं अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकला, कोच होते राहुल द्रविड. त्याच वर्षी ऑक्टोबरात राजकोटला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच टेस्टमध्ये १३४. वय अठरा. टेस्ट पदार्पणात शतक करणारा सगळ्यात लहान भारतीय. त्या दोन टेस्टच्या मालिकेचा तोच सर्वोत्तम खेळाडू.

म्हणजे आपल्या भाऊंच्या भाषेत: हिरा सापडला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियात सराव सामन्यात घोटा दुखावला. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटलिनमुळे आठ महिन्यांची बंदी आली. मुद्दाम घेतलं नव्हतं, अनवधानानं झालं, हे बोर्डानंही मान्य केलं, पण नियम नियम असतो, बंदी भोगावीच लागली. आणि मग आला १७ डिसेंबर २०२०, अ‍ॅडलेड, डे-नाइट टेस्ट, गुलाबी बॉल. सामन्याचा दुसराच चेंडू. मिचेल स्टार्कचा बॉल आत आला, बॅट आणि पॅडच्या मधल्या फटीतून बॅटची कड घेऊन स्टंपवर. शून्य. दुसऱ्या डावात पॅट कमिन्सनं जवळजवळ तसाच बोल्ड केला, चार धावांवर. तिसऱ्या दिवशी भारत ३६ धावांत गुंडाळला गेला. पुढच्या टेस्टला मेलबर्नमध्ये शुभमन गिल आला आणि शॉ बाहेर बसला. तोपर्यंत तो फक्त पाच टेस्ट खेळला होता, ३३९ धावा.

इथं थांबा. व्हिडिओत ही गोष्ट मी घाईत सांगितली, पण खरी मेख इथंच आहे.

तो दुसरा चेंडू पडायच्या अगदी आधी ऑस्ट्रेलियाच्या टीव्हीवर कॉमेंट्री करणाऱ्या रिकी पाँटिंगनं प्रेक्षकांना सांगितलं होतं की या मुलाची अडचण आत येणारा बॉल आहे, तेव्हा बॅट आणि पॅडच्या मधे मोठी फट राहते, ऑस्ट्रेलिया तिथंच मारा करणार. पुढच्या चेंडूला तेच झालं. लोकांनी पाँटिंगला ज्योतिषी म्हणून डोक्यावर घेतलं. पण पाँटिंगला हे कसं माहीत होतं? कारण २०१८ पासून तो दिल्लीच्या आयपीएल संघाचा हेड कोच होता आणि शॉ त्याच संघाचा ओपनर होता! पोराचा दोष कोचला पाठ होता. सामन्याच्या महिनाभर आधीपर्यंत दोघं एकाच नेटमध्ये होते.

हे ऐकलं की पहिली प्रतिक्रिया काय येते? "मग सांगितलं का नाही? दुरुस्त का नाही केलं? कोचचीच चूक!" माझीही पहिली प्रतिक्रिया तीच होती.

पण जरा धंदेवाल्याच्या डोक्यानं बघा. २०२० ची आयपीएल १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर चालली, दर तीन-चार दिवसांनी मॅच. बॅट मागं कशी न्यायची, खाली कुठून आणायची ही सवय दहा-बारा वर्षांत अंगात मुरलेली असते. ती भर सीझनमध्ये बदलायची म्हणजे धावत्या गाडीचं इंजिन खोलण्यासारखं. आणि त्याच्या पुढच्या वर्षी पाँटिंगनं आणखी एक गोष्ट उघडपणे सांगितली. २०२० च्या सीझनमध्ये धावा होत नव्हत्या तेव्हा शॉ नेटमध्ये बॅटिंग करायला तयार नसायचा. धावा होत असतील तर तासन्‌तास खेळणार, नसतील तर बॅट हातात घेणार नाही, असा त्याचा हिशेब होता. पाँटिंगनं त्याला समजावलं, त्यानं ऐकलं नाही. म्हणजे कोचनं एक बाजू सोडली असेल, तर पोरानं दुसरी सोडलेली होती.

आता मोजा. शाळेचे कोच, क्लबचे कोच, मुंबईचे कोच, अंडर-१९ चे द्रविड, भारतीय संघाचे रवी शास्त्री आणि त्यांचा स्टाफ, आयपीएलमध्ये पाँटिंग. चांगल्या लोकांची कमी होती का? अजिबात नाही. त्यातल्या प्रत्येकाकडं तो काही आठवडे असायचा, प्रत्येकाला पुढची मॅच जिंकायची असायची, आणि ही फट बुजवणं नेमकं कुणाचं काम, हे बाहेरून बघताना तरी कुठं ठरलेलं दिसत नाही. दोष सगळ्यांना दिसतो आणि तो काढायचं काम कुणाच्याच नावावर नसतं, ही जागा फार धोक्याची. तुमच्या दुकानात पण असंच असतं. पोरगा गिऱ्हाइकाशी तुसडं बोलतो हे शेजारच्या पानठेलेवाल्याला माहीत, तुमच्या बायकोला माहीत, माल टाकणाऱ्या सेल्समनला माहीत. पोराला कोण सांगणार? कुणीच नाही.

माझं म्हणणं खरं कशावरून? तर पुढच्या तीन महिन्यांवरून.

अ‍ॅडलेडनंतर शॉ मुंबईला आला आणि प्रवीण आमरे यांच्याबरोबर त्या एकाच गोष्टीवर काम केलं: बॅट शरीराजवळून आणायची, सुरुवातीची हालचाल सुधारायची. फेब्रुवारी-मार्च २०२१ च्या विजय हजारे ट्रॉफीत त्यानं ८२७ धावा काढल्या. एका सीझनमध्ये तोपर्यंत इतक्या कुणीच काढल्या नव्हत्या. त्यात पुदुच्चेरीविरुद्ध नाबाद २२७. ट्रॉफी मुंबईनं जिंकली. लगेच आयपीएलमध्ये, त्याच पाँटिंगच्या हाताखाली, ४७९ धावा.

एक माणूस, एक दोष, ठरलेला वेळ, आणि ऐकायला तयार असलेला पोरगा. काम झालं. म्हणजे पोरगा शिकण्यापलीकडचा नव्हता, आणि शिकवणारे नालायकही नव्हते. आधी दोघांची गाठच नीट पडली नव्हती.

मग पुढं काय बिनसलं?

इथंच बरेच जण थांबतात आणि "सिस्टीमनं पोराला मारलं" म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. गोष्ट पुढं आहे.

जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध रणजीत ३७९. रणजीच्या इतिहासात त्याच्या पुढं एकच आकडा आहे, भाऊसाहेब निंबाळकरांचा १९४८ चा नाबाद ४४३. त्याच वर्षी आयपीएलमध्ये मात्र आठ सामन्यांत १०६. ऑगस्टमध्ये इंग्लंडला नॉर्दम्पटनशायरकडून २४४, आणि लगेच गुडघा दुखावून सीझन संपला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईनं त्याला रणजी संघातून काढलं, कारण फिटनेस आणि शिस्तीचं सांगितलं गेलं. नोव्हेंबरच्या आयपीएल लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीला कुणी हात वर केला नाही. डिसेंबरात मुंबईचा कॅप्टन श्रेयस अय्यर जाहीरपणे बोलला, त्याचा अर्थ असा की इतक्या वर्षं खेळलेल्या माणसाला आम्ही बोट धरून चालवू शकत नाही, कामाची शिस्त त्याची त्यानंच लावायची आहे.

आणि २०२५ मध्ये शॉनं स्वतः मुलाखतीत कबूल केलं की क्रिकेटला द्यायचा वेळ आपण कमी केला, चुकीची संगत लागली, सराव निम्म्यावर आला. हे कबूल करायला हिंमत लागते, त्याचं श्रेय त्याला द्या. पण त्याच वाक्यात हिशेबही आहे. बॅट आणि पॅडमधली फट कुणीतरी दाखवावी लागते, ती स्वतःला दिसत नाही. नेटमध्ये जायचं की नाही, हे मात्र कुणी दाखवावं लागत नाही.

माझं मत विचाराल तर: अ‍ॅडलेडपर्यंतच्या हिशेबात मोठा वाटा शिकवणाऱ्यांचा, २०२१ नंतरच्या हिशेबात मोठा वाटा त्याचा. एकच माणूस, पण दोन वेगळ्या वह्या. दोन्ही एकत्र करून "कोण चुकलं" विचारलं की उत्तर कायम भांडणातच येतं.

(२०२५ मध्येच तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडं गेला. पहिल्या रणजी मॅचच्या पहिल्या डावात शून्य, आणि पुढच्याच मॅचला चंडीगडविरुद्ध २२२. हे पोरगं कुणालाही पूर्ण निकाल लावू देत नाही!)

"एकच गुरू, दोन चेले" वाला युक्तिवाद

व्हिडिओच्या शूटिंगला आमच्या कॅमेरामननंच मला अडवलं. म्हणाला, "सर, आचरेकर सर एकच होते ना? सचिन पण त्यांचा, कांबळी पण त्यांचा. मग चूक चेल्याचीच." हा युक्तिवाद ऐकायला एकदम पक्का वाटतो, म्हणून जरा खोलात जाऊ.

फेब्रुवारी १९८८, हॅरिस शील्ड, शारदाश्रम. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, भागीदारी ६६४. कांबळीनं १९९३ मध्ये लागोपाठ दोन टेस्टमध्ये दोन द्विशतकं काढली, मुंबईत इंग्लंडविरुद्ध २२४ आणि दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७. सतरा टेस्ट, सरासरी ५४.२०. आणि शेवटची टेस्ट नोव्हेंबर १९९५ मध्ये, वय २३. वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांनी आखूड टप्प्याच्या बॉलवर त्याला अडचणीत आणलं होतं, आणि त्यानंतर टेस्टचा दरवाजा बंदच झाला.

गुरू एकच होते, हे खरं. पण किती वयापर्यंत? शिवाजी पार्कवर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून, बोलर्सना "याला आऊट करणाऱ्याला नाणं" म्हणणारे आचरेकर सर, पोरं भारताकडून खेळायला लागल्यावर ड्रेसिंग रूममध्ये नव्हते. तिथं पुढचं शिक्षण ज्यानं त्यानं शोधायचं असतं. सचिनच्या बाबतीत भाऊ अजित शेवटपर्यंत होता. प्रत्येक इनिंगनंतर दोघं काय चुकलं यावर बोलायचे, पंचवीस वर्षं. सचिननं स्वतः हे कितीदा सांगितलंय. म्हणजे सचिनला एक असा माणूस कायम होता ज्याच्यासमोर शतक केल्यावरही "तो शॉट का मारला?" हा प्रश्न यायचा.

यातून कांबळीची चूक नव्हती असं मी म्हणत नाही, त्याची त्याला माहीत. एवढंच म्हणतो की "गुरू एकच, म्हणजे परिस्थिती एकच" हे गणित चुकीचं आहे. दोन पोरं एकाच दिवशी कामाला लावली, एक टिकला, एक गेला, एवढ्यावरून गेलेल्याला दोष देऊ नका. टिकलेल्याला घरी कुणी विचारणारं होतं का, तेही बघा.

हा वाद फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात तो, क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू असतो. सगळा खेळ त्याच्या हातातून सुरू होतो, त्यामुळे हरलं की सगळ्यांची बोटं त्याच्याकडं. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनं अ‍ॅलेक्स स्मिथ नावाच्या पोराला पहिल्याच क्रमांकावर निवडलं. पहिल्या सीझनमध्ये त्याचे टचडाऊन पास १ आणि विरोधकांच्या हातात गेलेले पास ११. लोकांनी निकाल लावून टाकला, हा फुकट गेला. पण त्याला आक्रमणाचे डावपेच शिकवणारा कोच जवळजवळ दरवर्षी बदलत होता. दरवर्षी नवीन वही, नवीन भाषा. २०११ मध्ये जिम हार्बॉ हेड कोच म्हणून आला, त्यानं स्मिथला झेपेल अशी पद्धत बसवली, आणि तोच संघ त्याच क्वार्टरबॅकला घेऊन १३ मॅच जिंकला, फक्त ३ हरला. सहा वर्षं ज्याला सगळे नालायक म्हणत होते, त्याच्यातलं काय बदललं होतं? फार काही नाही. वरचा माणूस बदलला होता.

कायद्यानं हा वाद केव्हाच वाटून दिलाय

ही गोष्ट बहुतेक धंदेवाल्यांना माहीत नसते म्हणून सांगतो. तुम्ही कधी रीतसर शिकाऊ उमेदवार घेतलात, ज्याला आपण अ‍ॅप्रेंटिस म्हणतो, तर त्याला १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा लागतो. त्यात कलम ११ मालकाच्या जबाबदाऱ्यांचं आहे आणि कलम १२ शिकणाऱ्याच्या जबाबदाऱ्यांचं. अकरावं म्हणतं: त्या कामाचं प्रशिक्षण द्यायची जबाबदारी मालकाची, आणि मालकाला स्वतःला ते काम येत नसेल तर येणारा माणूस त्यानं नेमायचा. बारावं म्हणतं: मन लावून शिकायचं, नियमित यायचं, वाजवी हुकूम पाळायचा, हे शिकणाऱ्याचं.

साठ वर्षांपूर्वी कुणीतरी शांतपणे बसून लिहून ठेवलंय. आपण अजून फोनवर भांडतोय.

तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अ‍ॅप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. ऐच्छिक असलं तरी माहिती घ्या. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडच्या २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार सोसतं. गॅरेजवाल्या भाऊंकडं मात्र त्यांना धरून तीनच माणसं आहेत, त्यामुळे त्यांना ही योजना लागू नाही. पण कलम ११ आणि १२ ची वाटणी वापरायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

परत फुलचूरला

मी भाऊंना म्हटलं, "काढायचं तर काढा, पण आधी एक काम करा. दोन महिन्यांत परत आलेल्या गाड्यांची यादी आणा." यादी नव्हती! अर्थातच नव्हती. मग आम्ही दोघं आणि तो पोरगा, तिघांनी बसून गिऱ्हाइकांचे फोन आठवून आठवून लिहिलं. तेवीस गाड्या निघाल्या.

मग प्रत्येक गाडीपुढं एकच प्रश्न: हे काम या पोरानं आपल्यासमोर कधी नीट केलं होतं का?

तेवीसपैकी तीन गाड्यांत पार्टच खराब निघाला होता. त्यात कुणाची चूक नाही, माल टाकणाऱ्याला परत करायचा. उरल्या वीस. त्यातल्या चौदा गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या होत्या. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नवीन गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. त्या गाड्या आता वॉरंटीतून बाहेर पडून आपल्या नाक्यावरच्या गॅरेजला यायला लागल्यात. गाडी मिस मारते, सकाळी स्टार्ट होत नाही, अ‍ॅव्हरेज पडलं. त्यात बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. भाऊंकडं स्कॅनर नव्हता. भाऊंना स्वतःला ते काम येत नव्हतं. मी विचारलं, "याला हे कोणी शिकवलं?" भाऊ म्हणाले, "आजकालच्या पोराईले येते सर आपोआप."

पोरगा खाली बघत होता. मग हळूच म्हणाला, "उस्ताद, मी मोबाईलवर त्याचेच व्हिडिओ पाहत होतो."

खोटं कशाला बोलू, त्याच्या मोबाईलमध्ये रील्सही होत्या. भरपूर. पण इंजेक्टर आणि सेन्सरचे व्हिडिओही होते, आणि ते पाहून तो अंदाजानं सेन्सर काढून-लावून बघत होता. त्या चौदा गाड्या कलम ११ च्या. त्यांचा दोष पोरावर टाकता येत नाही.

राहिल्या सहा. एका गाडीचा ऑइलचा ड्रेन बोल्ट ढिला, दोन गाड्यांची चेन नीट ताणलेली नाही, तीन गाड्यांचा मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल नट पुरता आवळलेला नाही. ही कामं त्यानं पहिल्या सहा महिन्यांत शंभर वेळा अचूक केली होती. मागचं चाक ढिलं ठेवून गाडी रस्त्यावर जाणं म्हणजे साधी गोष्ट नाही, कुणाचा तरी जीव जाऊ शकतो. पोराला विचारलं, त्यानं सांगितलं की संध्याकाळी पाच ते सातला गर्दी होते, सगळे एकदम उभे राहतात. कारण खरं आहे. पण नट आवळला का हे बघायला पाच सेकंद लागतात. ह्या सहा त्याच्या.

भाऊंचा चेहरा बघण्यासारखा होता. काढून टाकायला आलेला माणूस चौदा गाड्या स्वतःच्या नावावर घेऊन बसला. माझ्याबाबतीतही हे झालंय, म्हणून मला त्यांच्यावर हसू आलं नाही. सुरुवातीच्या काळात मी ऑफिसात लागोपाठ दोन पोरं "ढ आहेत" म्हणून काढली होती. तिसऱ्यानंही त्याच फॉर्मात तीच चूक केली तेव्हा कळलं की फॉर्मच मी चुकीचा बनवला होता. त्या दोघांना नंतर फोन करायची माझी हिंमत झाली नाही.

मग ठरवलं ते असं. भाऊ रोज सकाळी साडेआठ ते नऊ पोराबरोबर उभे राहणार, वॉशिंग सेंटर नंतर. स्कॅनर घ्यायचा. फ्युएल इंजेक्शन शिकायला दोघांनीही दर शनिवारी गोंदियातल्या एका जाणत्या मिस्त्रीकडं जायचं, दीड महिना. हो, मालकानंही. आणि पोरानं प्रत्येक नट आवळल्यावर त्यावर पांढऱ्या मार्करची रेघ मारायची. रेघ नाही तर गाडी द्यायची नाही, गिऱ्हाईक कितीही ओरडू दे. भिंतीवर एक वही टांगली: परत आलेली गाडी, तारीख, काय बिघाड, हे काम कधी शिकवलं होतं का. शेवटचा रकाना भाऊंनी स्वतःच्या हातानं भरायचा, पोरानं नाही. हा रकाना रिकामा असेल तर त्या गाडीबद्दल पोराला एक शब्द बोलायचा नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

दोन महिने झाले. मागच्या आठवड्यात मी वही बघितली. महिनाभरात परत आलेल्या गाड्या चार. फ्युएल इंजेक्शनची एकच, तीही अवघड होती. उरलेल्या तीन? दोन ड्रेन बोल्ट, एक अ‍ॅक्सल नट. तिन्हींवर पांढरी रेघ नव्हती. शेवटच्या रकान्यात भाऊंच्या वाकड्यातिकड्या अक्षरात तीन वेळा "होय".

भाऊंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आता सर?"

आम्ही पोराला बोलावलं. या वेळी आवाज चढला नाही कुणाचा. वही त्याच्यासमोर ठेवली. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हे माझं आहे उस्ताद." पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत रेघ नसलेली एकही गाडी बाहेर जाता कामा नये, गेली तर त्या दिवशी हिशेब करून मोकळं व्हायचं, असं त्यानंच वहीत लिहिलं आणि खाली सही केली. खाली भाऊंनीही सही केली.

१५ तारखेला मी फुलचूरला जाणार आहे. वहीत काय निघालं ते पुढच्या व्हिडिओत सांगतो.